संशयाचा फायदा कोणाला?

मुंबईहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सुरतेच्या थोडे अलीकडे, सचिन नावाचे स्थानक लागते. आज त्याची ओळख आहे ती तेथील औद्योगिक वसाहतीमुळे. मागांचा खडखडाट, आणि खानदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या मुलखांतून पोटासाठी आलेली माणसे, हे त्याचे आजचे रूप. परंतु १९४८ साली विलीनीकरण होईपर्यंत सचिन हे एक लहानसे संस्थान होते, आणि त्याच्या गादीवर बसणारे नबाब सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे होते. कोकणच्या वाचकाला हे घराणे परके नाही. शिवछत्रपतींच्या आणि संभाजीराजांच्या आरमारांनी वेढे घालूनही जो जंजिरा पडला नाही, त्या जंजिऱ्याच्या सिद्द्यांचीच ही शाखा होय.

ह्या संस्थानाचा जन्म कायद्याच्या अभ्यासकाला मोठा मनोरंजक वाटेल असा आहे. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणारा बाळूमियां सिद्दी हा भाऊबंदकीत परागंदा होऊन पुण्यास पेशव्यांच्या आश्रयाला आला. १७९१ साली करार झाला. बाळूमियांने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला, आणि पेशव्यांनी मोबदला म्हणून सुरतेजवळचा सचिनचा मुलूख त्याला तोडून दिला. सचिन बाळूमियांच्या हाती आले. जंजिरा मात्र पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही. हक्क एकाच्या कागदावर आणि ताबा दुसऱ्याच्या हाती, ही स्थिती आम्हां वकिलांच्या नित्य परिचयाची. आमच्या आजच्या विषयाचे मूळ ह्याच दोन शब्दांत आहे: हक्क आणि ताबा. मात्र येथे जमिनीचा हक्क व ताबा नव्हे, तर माणसाचा.

अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेची माणसे आपल्या किनाऱ्यावर कित्येक शतके येत होती. कोणी शिपाई, कोणी खलाशी, कोणी व्यापारी म्हणून आले. पुष्कळजण विकले जाऊन आले. मलिक अंबर हबसाणात जन्मला, लहानपणी विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. जंजिऱ्याचे सिद्दी १६७० च्या सुमारास मोगलांचे आरमारप्रमुख बनले आणि त्यांच्या आरमाराला सुरतेच्या खजिन्यातून तनखा मिळू लागला. म्हणजे सिद्दी आणि सुरत ह्यांचे नाते सचिन संस्थानाहून शंभर वर्षांनी जुने आहे. पण ज्या समुद्राने हे सरदार आणले, त्याच समुद्राने असंख्य निनावी माणसेही आणली. ती गोवा, दीव, दमण, वसई अशा बंदरांत उतरली, विकली गेली आणि दुसऱ्याच्या घरात राबून संपली. त्यांचे बखरकार कोणी झाले नाहीत.

परंतु त्यांच्यासंबंधीचा एक प्रश्न आपल्याच किनाऱ्यावर, एका विद्यालयात, पद्धतशीर रीतीने शिकविला जात होता. हा माणूस आपल्या मालकीत ठेवणे सदसद्विवेकाला धरून आहे काय, हा तो प्रश्न. ते विद्यालय जुन्या गोव्याचे सेंट पॉल कॉलेज, आणि ती विद्या ख्रिस्ती नीतिशास्त्राची. ही विद्या आपल्याकडे कशी रुजली, तिची रीत काय होती आणि गुलामांच्या प्रश्नावर तिची कशी परीक्षा झाली, ह्याचा विचार आम्ही येथे योजिला आहे. आम्ही धर्मशास्त्राचे पंडित नव्हे. पण ही विद्या कायद्याची इतकी जवळची बहीण आहे की, तिच्या गुणदोषांत आम्हांला आमच्याच घरचे गुणदोष दिसतात.

२

'सेमिनरी' ह्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ रोपवाटिका असा आहे. आमच्याकडे भाताचा तरवा आधी एका जागी वाढवून मग शेतात लावतात. तसे धर्मगुरू आधी एका जागी वाढवावेत आणि मग गावोगाव लावावेत, ही कल्पना. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली प्रत्येक धर्मप्रांतात अशी सेमिनरी असावी असा निर्णय दिला. गोव्यात मात्र त्याच्या बावीस वर्षे आधीच, १५४१ साली, एका बंधुमंडळाने पवित्र श्रद्धेच्या नावाने एक विद्यालय काढले होते. येथील आणि पूर्वेकडील निरनिराळ्या देशांतील मुलांना शिकवून धर्मगुरू करावे हा त्याचा हेतू. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस झेवियर गोव्यास पोहोचला, आणि थोड्याच वर्षांत हे विद्यालय जेजुइटांच्या हाती जाऊन सेंट पॉल ह्या नावाने प्रसिद्धीस आले. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली आला तो ह्याच विद्यालयात. त्यावर आरंभी छापले गेले ते जाहीर वादसभेसाठी तयार केलेल्या प्रमेयांचे कागद. आपल्या देशात मुद्रणकलेचे पहिले पाऊल विद्यार्थ्यांच्या वादविवादासाठी पडले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ह्या विद्यालयात व्याकरण, तर्क आणि ईश्वरविद्या ह्यांबरोबर एक निराळा वर्ग असे. त्याचे नाव विवेक-प्रकरणांचा वर्ग. ह्या वर्गाची गरज 'कुमसार' ह्या विधीतून उत्पन्न झाली. पापनिवेदनाला आमचे कोकणी ख्रिस्ती बांधव पोर्तुगीजावरून आलेल्या ह्या शब्दाने ओळखतात. प्रत्येक गंभीर पाप कोणत्या प्रकारचे आणि किती वेळा घडले ते सांगितले पाहिजे, असा ट्रेंटच्या सभेचा १५५१ चा नियम होता, आणि ऐकणारा धर्मगुरू हा न्यायाधीशाच्या जागी मानला होता. न्यायाधीशाला कायदा यावा लागतो. म्हणून ज्याला कुमसार ऐकावयाचे, त्याला प्रकरणे शिकणे भाग पडले.

शिकविण्याची रीत अशी. आधी तत्त्व सांगावयाचे: चोरी म्हणजे काय, शपथ म्हणजे काय, व्याज केव्हा पाप होते. मग प्रकरण मांडावयाचे. समजा, एका व्यापाऱ्याने तूट पडेल म्हणून धान्य साठवले. समजा, एकाने भीतीपोटी वचन दिले. समजा, एकाने घोडा विकत घेतला आणि मागाहून तो चोरीचा असल्याची कुणकुण लागली. अशा माणसाने काय करावे? अनुकूल मते आणि प्रतिकूल मते मांडावीत, प्रमाणग्रंथांचे आधार द्यावेत, आणि निर्णय सांगावा. पुढे १५९९ साली जेजुइटांनी आपल्या सर्व विद्यालयांसाठी जी अभ्यासनियमावली ठरविली, तिच्यात ह्या शिक्षकासाठी स्वतंत्र नियम घातले आणि प्रकरणांच्या नियमित चर्चेला जागा दिली. ज्यांनी विधि-महाविद्यालयात वर्षे काढली आहेत त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. त्या काळी सर्वत्र वापरला गेलेला मार्गदर्शक ग्रंथ मार्तिन दे आस्पिलक्वेता ह्याचा होता. तो सालामांका व कोइंब्रा येथे धर्मसंस्थेचा कायदा शिकवीत असे आणि झेवियरच्या नात्यातला होता. विवेकाचे पुस्तक एका कायदेपंडिताने लिहावे, ह्यातच ह्या विद्येचे गोत्र कळून येते.

गोव्यात ह्या विद्येला जे बळ आले त्याचे श्रेय फ्रान्सिश्कु रॉड्रिग्ज ह्या जेजुइटाला द्यावे लागेल. तो १५५६ साली गोव्यास आला आणि १५७३ साली मरण पावला. पायाने तो अधू होता. मुसलमान व हिंदू राजांशी व्यापार कोणत्या मालाचा करावा, जकात चुकवणे हे पाप की नुसता गुन्हा, गुलाम कोणता घ्यावा आणि कोणता घेऊ नये, असे प्रश्न त्याच्याकडे येत आणि तो त्यांना सविस्तर उत्तरे देई. ह्या उत्तरांची हस्तलिखिते लिस्बनच्या दफ्तरखान्यात आहेत. युरोपातील पाठ्यपुस्तके तेथल्या बाजाराकरिता लिहिलेली होती. येथे बाजार निराळा, राजे निराळे, चालीरीती निराळ्या. म्हणून गोव्याच्या शिक्षकाला नवी प्रकरणे घडवावी लागली.

एक अडचण भाषेची होती. पहिल्या पिढीतील पुष्कळ युरोपीय धर्मगुरू दुभाष्यामार्फत कुमसार ऐकत. आपले पाप तिसऱ्या माणसाच्या तोंडून सांगावयाचे, हे किती अवघड! गोव्याच्या मिशनऱ्यांनी कोकणी आणि मराठी ह्या भाषांचा जो कसून अभ्यास केला त्याच्या मुळाशी ही अडचणही होती. १५७९ साली आलेला इंग्रज जेजुइट थॉमस स्टीफन्स ह्याने मराठीत ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली राशोल येथे, म्हणजे कोकणी माणसाच्या रायतूरला, छापले गेले. आणि त्याचे कोकणी व्याकरण त्याच्या मरणानंतर १६४० साली प्रसिद्ध झाले. लॅटिन शब्दात 'सह-जाणणे' असा अर्थ आहे, म्हणजे माणसाबरोबर त्याच्या कृत्याचा दुसरा कोणी साक्षी आहे. मराठीने त्यासाठी 'सदसद्विवेकबुद्धी' हा पंडिती शब्द घडविला. कोकणी ख्रिस्ती समाजाने 'अंतस्कर्ण' हा शब्द धरला. आमच्या 'अंतःकरणा'चाच तो भाऊ, पण आमच्याकडे जो नुसता भावनेचा वाचक राहिला तो तिकडे न्यायाचा वाचक झाला. खाई त्याला खवखवे, ही म्हण आमच्या अडाणी आजीलाही ठाऊक होती. कल्पना नवी नव्हतीच. तिची शाळा मात्र नवी होती.

३

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १५८३ ते १५८८ ह्या काळात लिन्सखोतेन नावाचा एक डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी चिटणीस होता. शहराच्या मुख्य रस्त्यावर सकाळी बाजार भरे आणि त्यात इतर जिनसांबरोबर स्त्रीपुरुष गुलामही विकले जात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. ह्याच माणसाने गोव्याच्या जहाजांवर पगारी खलाशी म्हणून राबणाऱ्या हबशांचेही वर्णन केले आहे. म्हणजे एकाच वंशाचा एक मनुष्य शिडावर मोकळा आणि दुसरा खाली बाजारात विकाऊ. फरक रंगाचा नव्हता, वंशाचा नव्हता. फरक होता तो, ह्या माणसाला कोणी कसे पकडले, इतकाच. मग साहजिकच विवेकाचा प्रश्न 'कसे पकडले' ह्यावर येऊन ठेपला.

गोव्याची पहिली प्रांतिक धर्मसभा १५६७ साली भरली. कोणालाही बळजबरीने बाटवू नये, असे ह्या सभेने म्हटले. गुलाम कोणत्या कारणाने न्याय्य ठरतो ह्याचेही नियम तिने सांगितले. ही कारणे त्या काळच्या नीतिशास्त्रात रूढच होती. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला गुलाम. न्याय्य युद्धात पकडलेला गुलाम. पराकाष्ठेच्या गरजेपायी बापाने विकलेले मूल गुलाम. ह्यांपैकी एखादे कारण असेल तर मालकी शुद्ध. नसेल तर तो माणूस मोकळा, आणि त्याला ताब्यात ठेवणारा पापी. ऐकावयास हे किती कडक वाटते! आणि वर्गात ते कडकच होते. चोरून आणलेल्या माणसाला विकत घेणे म्हणजे चोरीचा माल घेणे, ह्याविषयी कोणाही शिक्षकाला शंका नव्हती.

पण सारी मेख पुराव्यात होती. मोझांबिकच्या किंवा हबसाणच्या किनाऱ्यावर जहाजात चढविलेल्या पोराची हकीकत गोव्याच्या बाजारात कोण सांगणार? ज्या युद्धात तो पकडला गेला ते न्याय्य होते की नुसती धाड होती, हे कोणी पाहिले? विकणारा म्हणे, मी दुसऱ्याकडून घेतला. दुसरा म्हणे, मी तिसऱ्याकडून. मालकी कितव्या हाती शुद्ध होते? येथे नीतिशास्त्राने कायद्याच्या पेटीतून एक जुने हत्यार काढले: संशयात ताबेदाराची बाजू वरचढ. आमच्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे तत्त्व होते, आणि २०२४ पासून त्याच्या जागी अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. ज्याच्या हाती वस्तू आहे, तो मालक नाही असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे. शेताला, घराला, घोड्याला हे तत्त्व ठीक आहे. त्यावाचून कोणाचीच मालमत्ता सुरक्षित राहावयाची नाही. परंतु येथे 'वस्तू' म्हणजे स्वतः तो फिर्यादी! त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असताना संशयाचा फायदा त्याला नव्हे, तर त्याला धरून ठेवणाराला मिळाला.

ही चूक केवळ गोव्याची नव्हती. ज्याच्यासारखा सूक्ष्म विचार त्या काळात थोड्यांनीच केला, त्या लुईस दे मोलिना ह्या स्पॅनिश जेजुइटाने १५९३ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या न्यायविषयक ग्रंथात पोर्तुगीजांच्या गुलाम-व्यापाराची कसून तपासणी केली. लिस्बनच्या व्यापाऱ्यांना त्याने स्वतः प्रश्न विचारले, आणि मालाचे मूळ न विचारता खरेदी करणाऱ्या त्या व्यापाऱ्यांना त्याने दोषी ठरविले. तरीही सद्भावनेने पुढे विकत घेतलेल्या मालकाने, नुसत्या संशयावरून गुलाम सोडलाच पाहिजे, असे म्हणण्यास तो धजला नाही. अमेरिकेतील कार्ताहेना बंदरात आलोन्सो दे सान्दोव्हाल हा जेजुइट उतरणाऱ्या आफ्रिकी गुलामांची सेवा करीत असे. त्याला ह्या मालकीची टोचणी लागली, म्हणून त्याने आफ्रिकेतील लुआंडा येथील आपल्या विद्यालयाच्या रेक्टरला पत्र घालून विचारले. १६१० साली उत्तर आले. त्याचा मतितार्थ असा: येथे वर्षानुवर्षे विद्वान धर्मगुरू राहिले आहेत, त्यांनी कधी आक्षेप घेतला नाही; लिस्बनच्या विवेकसभेनेही घेतला नाही; हजारोंच्या जथ्यात अन्यायाने धरलेले थोडे कोणते हे शोधणे अशक्य; तेव्हा मनाला लावून घेऊ नये. ही 'विवेकसभा' म्हणजे पोर्तुगालच्या राजाने १५३२ साली स्थापलेले एक सरकारी मंडळ. राजाच्या विवेकाला सल्ला देणारी कचेरी! विवेक एकदा कचेरीत बसला म्हणजे तो सहीशिक्क्याने मोकळा होतो, हे आम्हां कचेरीच्या माणसांना वेगळे सांगावयास नको.

तथापि ह्या विद्येवर नुसती टीका करणे न्यायाचे होणार नाही. त्या काळी गुलामी कोठे नव्हती? सुलतानांच्या दरबारात होती, इराण-तुर्कस्तानात होती. मराठी मुलखातही कुणबिणी व दासी विकल्या जात आणि पेशव्यांच्या दफ्तरात त्यांच्या किमती नोंदविलेल्या आढळतात. अशा जगात, माणूस विकत घेणाऱ्याने तो कोठून आला हे विचारलेच पाहिजे, एवढी गोष्ट तरी ह्या वर्गाने नियम म्हणून शिकविली. प्रश्न विचारण्याची सवय लावणे हे लहान काम नव्हे. दोष प्रश्नात नव्हता, प्रश्न कोणाचा म्हणून विचारला जाई ह्यात होता. कुमसाराला गुडघे टेकून बसलेला मालक विचारी: मी ह्याला ठेवू काय? त्याच्या मनाला शांती मिळावी म्हणून साऱ्या प्रमाणग्रंथांची उलथापालथ होई. गुलामही कुमसाराला येत, पण ते स्वतःची पापे सांगावयास. 'मला का ठेवले आहे?' हे त्यांचे प्रकरण होऊ शकत नव्हते. कारण ते पाप त्यांचे नव्हते.

४

ह्या दोन बाजू एकाच माणसाच्या वाट्याला आल्याचे एक उदाहरण गोव्याच्या इतिहासात आहे. पेद्रो पाएझ हा स्पॅनिश जेजुइट हबसाणात जाण्यासाठी गोव्याहून निघाला. वाटेत अरबस्तानच्या किनाऱ्यावर तो पकडला गेला आणि सुमारे सात वर्षे येमेनात गुलामीत राहिला. १५९६ साली खंडणी भरून त्याची सुटका झाली, तो परत आपल्या किनाऱ्यावर आला, आणि १६०३ साली अखेर हबसाणात पोहोचला. तेथे त्याने त्या देशाचा मोठा इतिहास लिहिला. ज्या देशाची मुले विकली जाऊन गोव्यास येत, त्या देशाचा इतिहास गोव्याहून गेलेल्या आणि स्वतः गुलामी भोगलेल्या माणसाने लिहावा, हा योग विलक्षण आहे. त्याच्याजवळ लेखणी होती, त्याच्यामागे एक संस्था होती, त्याची खंडणी भरणारे लोक होते. म्हणून त्याची गुलामी आज आपणांस साल-तारखेनिशी ठाऊक आहे. गोव्याच्या बाजारातल्या मुलाजवळ ह्यांपैकी काहीच नव्हते.

सेंट पॉलचे वैभव ओसरले तरी विद्या थांबली नाही. साष्टीत मडगाव येथे १५७४ साली निघालेले जेजुइटांचे विद्यालय पुढे राशोलला आले आणि १६१० पासून तेथेच स्थिरावले. १७५९ साली पोर्तुगालने जेजुइटांना हद्दपार केले. त्यानंतर १७६२ साली ती वास्तू धर्मप्रांताची सेमिनरी झाली, आणि गोमंतकीय धर्मगुरू घडविणारी ती मुख्य शाळा ठरली. तेथून बाहेर पडलेले धर्मगुरू मुंबई, कर्नाटक, सिंहल, आफ्रिका असे सर्वत्र पांगले. नीतिशास्त्र शिकल्यावाचून त्यांतील कोणालाही कुमसार ऐकण्याची परवानगी नव्हती. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजाच्या घरोघरच्या भांडणतंट्याचा, वाटणीचा, व्याजाचा, वचनभंगाचा खाजगी न्याय शतकानुशतके ह्या अभ्यासक्रमाच्या आधारे होत आला.

गुलामीचे मात्र काय झाले? ती मोडली ती वर्गात नव्हे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. पोर्तुगालने १८३६ साली गुलामांच्या व्यापाराला बंदी केली आणि १८६९ साली आपल्या साऱ्या मुलखांत गुलामी रद्द केली; पण मुक्त झालेल्यांना आणखी काही वर्षे जुन्या मालकाकडेच राबावे लागले. रोममध्ये पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनी १८३९ साली ह्या व्यापाराचा निषेध केला होता. तरीही १८६६ साली हबसाणातील गाला मुलखाच्या धर्मप्रमुखाने गुलामांच्या खरेदीविक्रीविषयी प्रश्न विचारला, तेव्हा रोमच्या अधिकारी मंडळाने उत्तर दिले की, गुलामी ही मुळात निसर्गनियमाच्या विरुद्ध नाही, न्याय्य कारणे असू शकतात, आणि ती कारणे तपासावीत. गोव्याच्या सभेनंतर दोनशे नव्याण्णव वर्षांनी, आणि नेमक्या हबसाणाविषयीच, तेच उत्तर! जगाचा कायदा पुढे गेला होता. पाठ्यपुस्तक तेथेच उभे होते. शाळेतील विद्येला ह्याहून मोठी ताकीद कोणती असणार?

५

ही ताकीद विसाव्या शतकात ऐकली गेली, असे म्हणावयास हवे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने गुलामीची गणना मानवी प्रतिष्ठेला काळिमा फासणाऱ्या कृत्यांत केली. आणि त्याच वर्षी सेमिनऱ्यांतील शिक्षणाविषयी बोलताना नीतिशास्त्राने नुसत्या प्रकरणांवर न थांबता धर्मग्रंथाच्या मुळापासून नवी उभारणी करावी, असे सांगितले. सिंहलात कँडी येथे १८९३ साली स्थापन झालेली पोपची सेमिनरी तत्पूर्वीच, १९५५ साली, पुण्यास नगर रस्त्यावर आली होती. तिच्याबरोबर आलेले विद्यापीठ पुढे ज्ञानदीप विद्यापीठ म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथे पदवीनंतरचा ईश्वरविद्येचा अभ्यास होतो. तेथेच जॉर्ज सोआरेस-प्रभू ह्यांनी नवा करार शिकविताना ख्रिस्ताच्या उपदेशाला 'धर्म' हा आपल्याकडचा शब्द लावून पाहिला. प्रॉटेस्टंट सेमिनऱ्यांना बंगालमधील सेरामपूरच्या परिषदेकडून पदव्या मिळतात. तिच्या पदव्युत्तर परीक्षेत ख्रिस्ती नीतिशास्त्र ही एक स्वतंत्र शाखा आहे, आणि पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी ह्याच परिषदेशी जोडलेली आहे. ह्याच परंपरेतील अरविंद निर्मळ ह्यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात एक व्याख्यान दिले. ज्याने सोसले त्याच्या जागी उभे राहून धर्मविचार करावा, दुसऱ्याने त्याच्याविषयी करू नये, असा त्या विचाराचा आग्रह होता. जुन्या वर्गात प्रश्न मालकाचा होता; येथे तो प्रथमच फिर्यादीचा झाला.

आमच्या क्षेत्रातही नेमका हाच पालट झाला आहे, आणि तो आम्हांला फार मोलाचा वाटतो. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने बिगार निषिद्ध केली. १९७६ च्या बंधबिगार निर्मूलन कायद्याच्या १५ व्या कलमात एक लहानसे वाक्य आहे: मजूर म्हणत असेल की हे कर्ज बिगारीचे आहे, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर राहील. १९८३ साली बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच दिशा पुढे नेली: सक्तीने राबवून घेतल्याचे दिसले की ते उचलीपायीच आहे असे गृहीत धरावे, नाही म्हणणाऱ्याने नाही सिद्ध करावे. संशयात ताबेदाराची बाजू वरचढ हे तत्त्व शेताला राहिले. माणसाला लागू होण्याचे थांबले. चारशे वर्षांपूर्वी गोव्याच्या वर्गात ह्या एका वाक्याचीच उणीव होती.

म्हणून ख्रिस्ती नीतिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात रॉड्रिग्ज आणि त्याच्या पंथाची ती जुनी प्रकरणे अवश्य वाचली जावीत, असे आम्हांला वाटते. लाज वाटावी म्हणून नव्हे. हुशार, सद्भावनेची, अभ्यासू माणसे योग्य प्रश्न विचारूनही चुकीच्या उत्तराला कशी पोहोचतात, हे त्यांत जसे दिसते तसे दुसरीकडे क्वचित दिसेल. आणि आमच्या विधि-महाविद्यालयांतही ती वाचली जावीत. कारण पुराव्याचा भार कोणावर टाकावयाचा हा प्रश्न नुसत्या कार्यपद्धतीचा आहे असे आम्ही वकील समजतो, पण तोच बहुधा साऱ्या न्यायाचा प्रश्न असतो.

त्या निनावी माणसांचे वंशज आज आपल्यात आहेत. सचिनच्या नबाबांचे घराणे इतिहासाने नोंदविले. परंतु उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हळियाळ, अंकोला ह्या तालुक्यांच्या रानांत सिद्द्यांची वस्ती आहे. त्यांतील पुष्कळांचे पूर्वज गोव्यातून निसटून घाट चढलेले गुलाम होते, असे मानले जाते. त्यांत ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत, मुसलमान आहेत. २००३ साली कर्नाटकातील ह्या समाजाला अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. आफ्रिकेची भाषा त्यांच्या तोंडी आता उरलेली नाही. ते आपसांत बोलतात ती कोकणी. ज्यांच्याविषयी लॅटिनमध्ये आणि पोर्तुगीजमध्ये इतके लिहिले गेले, त्यांना आता विचारावयाचे तर दुभाष्याची गरज नाही. त्यांची भाषा ह्या मासिकाच्या अर्ध्या पानांची भाषा आहे.